कंपनीत सर्व्हे करायचाय? फॉर्म नंतर, आधी परवानगी

चाकण-भोसरीच्या कंपन्यांत कामगारांचा सर्व्हे करायचा असेल तर गुगल फॉर्म बनवायच्या आधी एचआरकडून लेखी परवानगी घ्या, तोंडी "हो करा की" वर अजिबात विसंबू नका, कारण साहेब बदलला की सगळं परत पहिल्यापासून.

मग किती लोक हवेत ते ठरवा. ५०० कामगार असतील तर ९५% खात्री आणि ५% चुकीची मुभा (म्हणजे खरा आकडा ५ टक्के वर-खाली असला तरी चालेल) धरून साधारण २१७ उत्तरं लागतात, पण ती सगळी फर्स्ट शिफ्टचीच नकोत, नाइटवाले आणि कॉन्ट्रॅक्टवालेही यादीत घ्या.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फॉर्म सुपरवायझरच्या हातून वाटू नका, तो शेजारी उभा असला की माणूस सगळीकडे "समाधानी"वरच टिक करतो. नाव नाही विचारलं तरी विभाग, वय, नोकरीची वर्षं एकत्र विचारली की छोट्या विभागात माणूस लगेच ओळखू येतो, आणि त्याची नोकरी आहे हो ती! वय गटातच विचारा.

"पगार आणि कॅन्टीन चांगलं आहे का?" असा जोडप्रश्न नको, दोन वेगळे करा. प्रश्न मराठीत, आणि गरज असेल तर हिंदीतही. आधी दहा-बारा जणांवर ट्रायल घ्या, कुठे अडखळतात ते बघा.