गावात रेडिओचं संग्रहालय काढायचं असेल तर

जुन्या रेडिओंचं संग्रहालय काढायचं म्हटलं की माणसं आधी रेडिओ गोळा करायला धावतात. जरा थांबा. रेडिओ मिळतात. माळ्यावरची अडगळ कोणीतरी न्यायला तयार आहे एवढं कळलं, की लोक स्वखर्चाने रिक्षात घालून आणून देतात. कमी पडते ती जागा, आणि समोरच्याला 'नको' म्हणायची हिंमत. मी आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा ट्रेड शिकवला. निवृत्तीनंतर सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयाच्या माडीवर आम्ही चार टाळकी जमलो आणि एक खोली उभी केली. सांगतोय ते त्या खोलीच्या जोरावर.

पहिलं काम म्हणजे हद्द आखणं. 'भारतीय प्रसारणाचा इतिहास' असली पाटी लावू नका. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ला सुरू झालं, तिथून आजवरचं सगळं दाखवायचं तर स्टुडिओतले कन्सोल हवेत, ट्रान्समीटर हवेत. सरकारी कचेऱ्यांचं मोडीतलं सामान लिलावात लॉटने निघतं आणि तिथं तुमची गाठ तांब्याच्या भावाने बोली लावणाऱ्या भंगारवाल्याशी असते. त्या फंदात पडू नये. आमची हद्द अशी: पुणे केंद्र सुरू झालं तिथून, म्हणजे २ ऑक्टोबर १९५३पासून, ट्रान्झिस्टरने व्हॉल्व्हला, म्हणजे जुन्या सेटमधल्या तापणाऱ्या काचेच्या नळीला, घराबाहेर काढलं तिथपर्यंत. आणि सेट आपल्या तालुक्यात वाजलेला असला पाहिजे. मुंबईच्या चोर बाजारातून किंवा पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेला चकचकीत मर्फी कंपनीचा सेट कितीही देखणा असो, आमच्याकडे त्याला फळी नाही. सुट्या भागांसाठी मात्र मी हे दोन्ही बाजार पालथे घालतो.

हद्द लहान ठेवली की शोध खोल जातो. १९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने पाच जिल्ह्यांतल्या सुमारे १५० गावांत शेतकऱ्यांची श्रोता मंडळं चालवली होती. मंडळींनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची आणि शंका केंद्राला कळवायच्या, असा तो प्रयोग. आपला जिल्हा त्यात होता. तेव्हा घराघरांत विचारायच्या आधी ग्रामपंचायतीचं जुनं दप्तर आणि शाळेचं कोठार बघा. सेट मिळेलच असं नाही, पण डेडस्टॉक रजिस्टरात, म्हणजे टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत, 'रेडिओ संच, नग १' एवढी ओळ सापडली तरी ती फोटो काढून भिंतीवर लावण्यासारखी आहे.

संस्थेचं म्हणाल तर नवी काढू नका. सोसायटी नोंदणी, मग धर्मादाय आयुक्तांकडे सार्वजनिक न्यास म्हणून नोंदणी, दरवर्षी हिशेबतपासणी. यात रेडिओ बाजूला राहतो. नोंदणी असलेलं वाचनालय किंवा शिक्षण संस्था गाठा, त्यांचा उपक्रम म्हणून ठराव करून घ्या आणि खोली किती वर्षांसाठी दिली ते लिहून घ्या. खोली पश्चिमेच्या भिंतीची नको; आमच्याकडच्या पावसात ती भिंत दिवाळीपर्यंत ओली असते. सेट जमिनीवर ठेवू नका आणि भिंतीला टेकवूही नका. प्लायवूडच्या कॅबिनेटला वाळवी तळातून लागते, आणि ती दिसते तेव्हा आतला भुगा झालेला असतो.

सेट घेताना कागद करा. वडिलांचा मर्फी ही वडिलोपार्जित मालमत्ता असते हे विसरू नका. थोरल्याने हौसेने आणून दिला, धाकट्याला पेपरात फोटो दिसला, की भाऊबंदकी तुमच्या दारात. म्हणून एका पानाचं दानपत्र, सगळ्या भावाबहिणींच्या सह्यांसकट. 'तात्पुरता ठेवा, मग बघू' म्हणणाऱ्याला हात जोडा, नाहीतर परत न्यायची तारीख घालून घ्या. त्याच पानावर विचारा: सेट कोणी घेतला, कुठून, साधारण कधी, घरात कुठे ठेवत, हात लावायची परवानगी कोणाला होती. शेवटच्या प्रश्नाला सगळ्यात चांगली उत्तरं येतात. आणि सेटबरोबर पोस्टाचं परवान्याचं पुस्तक आहे का ते आवर्जून विचारा. रेडिओ ऐकायला तेव्हा परवाना लागे आणि त्याची फी दरवर्षी पोस्टात भरावी लागे. त्या पुस्तकावर नाव, गाव, साल सगळं असतं. सेटची तारीख अंदाजाने ठरवण्यापेक्षा हा पुरावा पक्का. लोक सेट देतात आणि पुस्तक रद्दीत घालतात, ते अडवा.

आता सेट टेबलावर आला. लगेच पुसू नका. चारही बाजूंनी फोटो काढा, मागचा पुठ्ठा काढून आतले काढा, नंबर द्या. नंबर मार्करने सेटवर लिहायचा नाही. सुती फितीवर लिहून ती फीत मागे बांधायची. डायलच्या काचेकडे नीट बघा. दिल्ली, सिलोन, लंडन ही नावं बहुधा काचेच्या मागल्या बाजूला छापलेली असतात, आणि ओल्या फडक्याचा एक हात फिरला की स्टेशनं फडक्यावर येतात. पुढची बाजू हलक्या हाताने पुसा, मागच्या बाजूला फक्त मऊ कोरडा ब्रश, तोही रंग सुटत नसेल तरच. आमच्याकडच्या एका सेटच्या काचेवर मध्यम लहरींच्या पट्टीवर लाल टिकली चिकटवलेली आहे. घरातल्या आजींना वाचता येत नव्हतं. काटा टिकलीवर आला की पुणे लागायचं. मुलाने सेट देताना ती खरवडून काढायला नख लावलंच होतं. मी त्याचा हात धरला. आता तीच टिकली बघायला लोक वाकतात.

पॉलिशचंही तेच. नवं पॉलिश मारलेला सेट शोरूममधला दिसतो. धूळ काढा, वाळवी मारा, उंदराचं घरटं काढा (स्पीकरचा कागद त्यांना फार आवडतो), आणि हात आवरा.

वीज लावण्याआधी व्हॉल्व्हवरचा नंबर वाचा. मुलांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवायचो. युरोपीय पद्धतीच्या नंबरात पहिलं अक्षर 'ई' असेल, म्हणजे ईसीएच ८१, ईएल ८४, तर हीटर (व्हॉल्व्ह तापवणारी आतली तार) ६.३ व्होल्टचा आणि सेटमध्ये बहुधा ट्रान्सफॉर्मर. 'डी' असेल तर १.४ व्होल्ट, म्हणजे बॅटरीवरचा सेट. वीज न पोचलेल्या वाडीतून आलेला असण्याची शक्यता जास्त. आणि 'यू' दिसलं, यूसीएच ८१ किंवा यूवाय ८५, तर सावध. यात हीटर एकामागे एक जोडून थेट मेनवर असतात, आणि प्लग उलटा बसला की अख्ख्या चासीत, म्हणजे आतल्या पत्र्याच्या सांगाड्यात, वीज. बटणाची टोपी निघालेली असेल तर उघड्या दांड्याला लागलेलं बोट म्हणजे फेजला लागलेलं बोट. असे सेट लोकांसमोर चालवायचे नाहीत. वायर कापून टाका आणि नुसते मांडा.

'ई'वाल्यांना सिरीज बल्बवर घ्या, म्हणजे सेटला जाणारी वीज आधी एका बल्बमधून जाऊ द्या. ६० वॉटचा जुना तारेचा बल्ब, एलईडी चालणार नाही. पण त्याआधी ईएल ८४च्या (स्पीकर हाकणाऱ्या व्हॉल्व्हच्या) ग्रिडकडे, म्हणजे सिग्नल आत घेणाऱ्या टोकाकडे जाणारा कागदी कंडेन्सर बदला. तो गळत असतो, त्याने व्हॉल्व्ह लालबुंद होतो आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. तो ट्रान्सफॉर्मर मिळता मिळत नाही. काढलेला कंडेन्सर फेकू नका, पिशवीत घालून सेटच्या नंबरासह ठेवा. मग रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा व्हॉल्व्ह) उपसून सप्लाय द्या. बल्ब मंद राहिला तर ट्रान्सफॉर्मर शाबूत, भक्क पेटला तर शॉर्ट. मग रेक्टिफायर बसवा: बल्ब थोडा उजळून परत मंदावला पाहिजे. उजळलेलाच राहिला तर फिल्टर कंडेन्सर (तो डीसी सपाट करणारा) गेला. बंद केल्यावरही त्या कंडेन्सरवर अडीचशेच्या आसपास व्होल्ट बसून असतात. रेझिस्टर लावून उतरवा, मीटरने खात्री करा, मगच हात घाला.

सेट चालू झाला, पण ऐकवणार काय? एलईडी दिवे आणि चार्जर यांच्या गोंगाटात मध्यम लहरींवर दिवसा फारसं काही लागत नाही. छोटा ट्रान्समीटर बसवायचा मोह होईल. बिनपरवाना प्रक्षेपण गुन्हा आहे, त्या वाटेला जाऊ नका. व्हॉल्व्हच्या बहुतेक सेटना मागे ग्रामोफोनसाठी दोन भोकं असतात, 'पिक-अप' म्हणून. ट्रान्सफॉर्मरच्या सेटला तिथून रेकॉर्डरचा आवाज द्या, म्हणजे तो त्याच व्हॉल्व्हमधून आणि त्याच कागदी स्पीकरमधून येतो. गाणी लावलीत तर हक्कांचा प्रश्न येतो. आम्ही गावातल्या म्हाताऱ्यांच्या रेडिओच्या आठवणी रेकॉर्ड केल्या आणि त्याच लावतो. व्हॉल्व्ह तापेपर्यंत सेट गप्प असतो. शाळेची मुलं तेवढ्यात 'बिघडलाय' म्हणून मोकळी होतात. त्यांना थांबवून धरणं हे आमच्या स्वयंसेवकाचं मुख्य काम.

संग्रहालय रोज उघडायचा हट्ट धरू नका. रविवार सकाळ आणि बाजारचा दिवस पुरतो, पण त्या दिवशी कुलूप दिसता कामा नये. तिकीट लावू नका, दानपेटी ठेवा; वीजबिलाची काळजी राहत नाही. अभिप्रायाची वही मात्र ठेवू नका, तिच्यात 'स्तुत्य उपक्रम' याखेरीज काही येत नाही. त्याऐवजी पानाच्या माथ्यावर छापून घ्या: तुमच्या घरी कोणता सेट होता, तो आता कुठे आहे, सकाळी कोण लावायचं? त्यावरही 'स्तुत्य उपक्रम' लिहिणारे भेटतात. त्यांच्या हातात आम्ही पेन पुन्हा देतो.