पायथनमध्ये टाइमस्टँपवरून भारतीय तारीख-वेळ कशी काढावी

सर्व्हरच्या नोंदींमध्ये वेळ अनेकदा १७०००००००० अशा लांबलचक आकड्यात लिहिलेली असते. १ जानेवारी १९७० च्या यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) मध्यरात्रीपासून किती सेकंद उलटले, एवढेच हा आकडा सांगतो. त्याची तारीख करताना टाइमझोन आपणच द्यावा लागतो आणि बहुतेक घोळ तिथेच होतात.

प्रथम अंक मोजावेत. हल्लीच्या काळातील दहा अंकी टाइमस्टँप सेकंदांचा असतो. जावास्क्रिप्टमधून येणारा तेरा अंकी टाइमस्टँप मिलिसेकंदांचा असल्याने त्याला आधी १००० ने भागावे. एरवी वर्ष मर्यादेबाहेर गेल्याचा एरर येतो.

त्यानंतर डेटटाइमच्या फ्रॉमटाइमस्टँप या मेथडला आकड्यासोबत झोनइन्फोचा ‘एशिया/कोलकाता’ हा टाइमझोन द्यावा. झोनइन्फो हे मॉड्यूल पायथन ३.९ पासून सोबतच मिळते; विंडोजवर मात्र टीझेडडेटा हे पॅकेज वेगळे इन्स्टॉल करावे लागते. वरच्या आकड्याची यूटीसी वेळ १४ नोव्हेंबर २०२३, रात्री १०:१३:२० अशी निघते, तर भारतीय वेळ १५ नोव्हेंबर, पहाटे ३:४३:२० अशी. म्हणजे नुसते तास नव्हे, तारीखही बदलते. टाइमझोन दिलाच नाही, तर पायथन त्या मशीनचा टाइमझोन धरतो. त्यामुळे घरच्या लॅपटॉपवर बरोबर दिसणारा दैनिक विक्रीचा अहवाल यूटीसीवर चालणाऱ्या सर्व्हरवर पहाटेची विक्री आदल्या दिवशी दाखवतो. यावर उपाय म्हणून काही जण आकड्यातच १९८०० सेकंद मिळवतात. ते टाळावे, कारण वेळ दिसायला बरोबर असली तरी तो टाइमस्टँप साडेपाच तास पुढच्या क्षणाचा झालेला असतो.

चालू वेळ हवी असल्यास यूटीसीनाउ वापरू नये. त्यातून मिळणाऱ्या वेळेला टाइमझोनच नसतो, आणि ३.१२ पासून ते कालबाह्य ठरवले आहे. त्याऐवजी नाउ या मेथडला यूटीसी टाइमझोन द्यावा.

‘०५/०४/२०२४’ सारखा मजकूर एसटीआरपीटाइमने वाचताना आधी दिवस, मग महिना हा क्रम स्पष्ट लिहावा, नाहीतर ५ एप्रिलचा ४ मे होतो. अंक देवनागरी असतील, तर तिरप्या रेघेवर तुकडे पाडून प्रत्येक तुकडा इंट फंक्शनला द्यावा. त्याला देवनागरी अंक थेट वाचता येतात, हे फारसे कुणाला ठाऊक नसते.

साठवताना वेळ यूटीसीमध्येच ठेवावी आणि भारतीय वेळ फक्त दाखवताना काढावी. मजकूर स्वरूपात साठवायची असल्यास आयसोफॉरमॅट वापरावे: त्यात वर्ष आधी येत असल्याने, सर्व नोंदी एकाच टाइमझोनच्या व सारख्याच घडणीच्या असतील तर साधी अक्षरानुक्रमे लावणीही कालानुक्रमेच होते.