घरापुरतं पिकवायचं ठरवलंय? मग या चुका टाळा

लॉकडाऊननंतर बरेच जण म्हणायलेत की उद्या काही झालं तर घरापुरतं तरी आपलं आपण पिकवता यावं, विचार चांगलाच आहे. पण चुका सगळ्यांच्या त्याच, आणि सगळ्यात मोठी चूक बियाण्यात.

माझंच सांगते. 2020 च्या जूनमध्ये तालुक्याला जायची सोय नव्हती, म्हटलं घरची तूर आहे की बियाण्याला. डब्याचं झाकण काढलं तर वर भुकटीचा थर, त्यात भुंगे चालायलेत आणि दाण्या-दाण्याला टाचणीच्या डोक्याएवढं गोल भोक. त्यातले बरे दिसले ते दाणे निवडून पेरले, दहातले चारसुद्धा उगवले नाहीत. घाईत दोनच ऊन देऊन भरली होती, आणि भुंगा काही डब्यातच लागतो असं नाही, तो शेतातही शेंगेवर अंडी घालून ठेवतो अन् दाण्यासोबत घरात येतो.

तेव्हापासून चार-पाच कडक उन्हं देते, दाणा दाताखाली कटकन फुटला तरच वाळला समजते. गार झाल्यावरच भरते, गरम भरलं की डब्याला आतून घाम सुटतो. चाळलेली चुलीची राख मिसळून डबा काठोकाठ, आणि सगळं बियाणं एकाच डब्यात कधीच नाही. होळीला आणि अक्षय तृतीयेला उघडून बघते. मे संपता संपता 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, 70 च्या वर मोड आले तर पेरायचं. काही जण नुसतं पाण्यात टाकून तरंगलेलं काढतात आणि झाली तपासणी म्हणतात, असला शॉर्टकट करू नका, बुडालेला दाणाही मेलेला असू शकतो. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या आजीनं रेशनची मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी) खाऊन दिवस काढले पण बियाण्याच्या गाडग्याला हात लावला नाही.

दुसरं, मृगाचा पहिला शिडकावा पडला की नवीन माणसाला दम निघत नाही. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊ द्या. मी खुरप्यानं उकरून बघते, वीतभर खाली ओल नसेल तर शेजाऱ्यानं पेरलं तरी मी थांबते.

हायब्रीडचं बी धरू नका, पुढच्या वर्षी एकसारखं येत नाही, गावरानच धरा. कच्चं शेण टाकू नका, हुमणी (मुळं खाणारी पांढरी अळी) होते. आणि नुसती कोथिंबीर-टोमॅटो लावून पोट भरत नाही, ज्वारी, तूर, हरभरा, भोपळा हे आधी.

पाण्याचं म्हणाल तर उन्हाळ्यात जगवता येईल तेवढंच लावा. 2016 च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, त्या उन्हाळ्यात आमची सगळी वांगी वाळून गेली, राखेनं घासलेल्या भांड्यांच्या पाण्यावर मोरीजवळचे दोन शेवगे तेवढे जगले.