वेबसाइट तुमची, किल्ल्या कोणाकडे? छोट्या व्यावसायिकांनो, या चुका टाळा

एप्रिलचा दुसरा आठवडा होता. आंब्याचा हंगाम ऐन भरात आणि देवगडकडच्या एका बागायतदार काकांचा फोन आला. "ऑर्डरी एकदम आटल्यात हो. गेल्या वर्षी या दिवसांत वेबसाइटवरून रोज दहा-बारा पेट्या जायच्या, आता दोन दिवसांत एक नाही. साइट बंद पडली की काय म्हणून बघितलं, तर माझ्या मोबाइलवर व्यवस्थित उघडते."

मीही पत्ता टाइप करून बघितलं. उघडली. फोटोत हापूस, खाली डझनाचा भाव, सगळं जागच्या जागी. मग म्हटलं, "काका, पत्ता टाकू नका. गूगलवर तुमच्या बागेचं नाव शोधा आणि तिथून आत जा." पाच मिनिटांत स्क्रीनशॉट आला. त्यांच्याच डोमेनखाली, म्हणजे साइटच्या नाव-पत्त्याखाली, जपानी लिपीतल्या ओळी, हँडबॅगा आणि बूट, किमती येनमध्ये. त्यावर बोट ठेवलं की गिऱ्हाईक भलत्याच दुकानात.

हा प्रकार इतका नेहमीचा आहे की गूगलच्या मदत-पानांवर त्याला 'जपानी कीवर्ड हॅक' असं नावच आहे. साइटमध्ये घुसवलेला कोड आधी बघतो की पाहुणा कुठून आला. थेट पत्ता टाकून आलेल्याला तो खरी साइट दाखवतो. गूगलच्या यंत्राला आणि गूगलवरून आलेल्या गिऱ्हाइकाला दुसरीच. मालक नेहमी पत्ता टाकूनच जातो, म्हणून घरात चोर शिरलाय हे सगळ्यात शेवटी त्यालाच कळतं.

"माझ्याकडे तर बरोबर दिसतंय"

ही पहिली चूक. आपली साइट आपण गिऱ्हाइकाच्या वाटेने जाऊन बघतच नाही. महिन्यातून एकदा एवढं करा: वायफाय बंद, मोबाइल डेटा चालू, ब्राउझरची इनकॉग्निटो खिडकी उघडा आणि गूगलवरून आत या. मग गूगलच्या शोधचौकटीत इंग्रजीत 'साइट' हा शब्द, त्याला चिकटून दोन टिंबांचं कोलन आणि मध्ये जागा न सोडता आपलं डोमेन लिहा. तुमची पंधरा पानांची साइट आणि गूगल हजारो पानं दाखवतंय, तर पुढे काही तपासायची गरज नाही. आत कोणीतरी आहे.

गूगल सर्च कन्सोल हे साइटमालकांसाठीचं गूगलचं साधन फुकट आहे. त्यात साइट जोडून ठेवली की असा काही प्रकार गूगलच्या नजरेला आल्यावर मेल येतो. काकांच्या साइटलाही ते जोडलेलं होतं. मेल आलाही होता. पण कोणाला, ते पुढे येईल.

बॅकअप आहे म्हणता, पण कुठे?

काका निर्धास्त होते. "होस्टिंगवाले रोज बॅकअप घेतात, पॅकेजमध्येच लिहिलंय." होस्टिंगवाले म्हणजे ज्यांच्या सर्व्हरवर आपली साइट भाड्याने ठेवलेली असते ते. खरंच घेत होते. फक्त शेवटचे सात दिवस ठेवत होते. साइटमध्ये शिरकाव होऊन तीन आठवडे झालेले. म्हणजे सातच्या सात प्रती किडलेल्या. कुठलीही पेटी उघडा, नासका आंबा ठरलेला.

म्हणून रोजच्या प्रतीइतक्याच जुन्या प्रतीही लागतात. मी छोट्या साइटसाठी सात रोजच्या, चार आठवडी आणि सहा मासिक प्रती ठेवतो. जागा फारशी लागत नाही, मन मात्र शांत राहतं.

दुसरी गोष्ट जागेची. वर्डप्रेस म्हणजे साइट बनवायचं सॉफ्टवेअर, आणि प्लगिन म्हणजे त्याला जोडायचा छोटा पूरक प्रोग्रॅम. त्याची बॅकअप प्लगिनं बसवताना बाहेरची जागा सांगितली नाही, तर त्यातली बरीचशी प्रत त्याच सर्व्हरवर, साइटच्याच एखाद्या फोल्डरमध्ये टाकून मोकळी होतात. तिजोरीची दुसरी किल्ली तिजोरीतच ठेवण्यासारखं हे. सर्व्हर गेला की दोन्ही गेलं. आणि सर्व्हर जातात. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक अख्खी इमारत जळून गेली. ज्यांच्या बॅकअपची प्रतही त्याच आवारात होती, त्यांतल्या कित्येकांच्या हाती राख आली. तिथे सगळा कारभार व्यावसायिक होता, तरी हे झालं.

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी, असा एक जुना नियम आहे. मूळ साइट, गूगल ड्राइव्हवर एक प्रत आणि महिन्यातून एकदा दुकानातल्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर एक, एवढ्यात छोट्या धंद्याचं भागतं. डिस्क कॉपी झाल्यावर काढून कपाटात ठेवायची. कॉम्प्युटरला कायम लटकलेली डिस्क रॅन्समवेअरच्या, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसच्या, तावडीत कॉम्प्युटरबरोबरच सापडते.

प्रतीत काय काय आहे, तेही उघडून बघा. वर्डप्रेस साइटचे दोन भाग असतात: फाइली आणि डेटाबेस. लेख, दर, ऑर्डरी, गिऱ्हाइकांचे पत्ते हे सगळं डेटाबेसमध्ये. एका मसाल्याच्या कारखान्याच्या ताईंनी मला पेन ड्राइव्ह दिला होता, "सगळी साइट आहे यात." त्यात तीन जीबी फोटो होते आणि डेटाबेस नव्हता. म्हणजे दुकानातल्या फळ्या-कपाटं वाचली, वही गेली.

सीपॅनल म्हणजे होस्टिंग सांभाळायचं पान. तिथून 'फुल बॅकअप' घेणाऱ्यांसाठी एक सूचना. तो उतरवता तुम्हाला येतो, पण सीपॅनलमधून जसाच्या तसा परत चढवता येत नाही. ते काम होस्टिंगवाल्यांना त्यांच्या बाजूने करावं लागतं. तुम्हाला स्वतःला परत चढवायचं असेल तर होम डिरेक्टरी (साइटच्या फाइली) आणि डेटाबेस असे वेगवेगळे बॅकअप घ्या. आणि कृपा करून ती झिप फाइल साइटच्या उघड्या फोल्डरमध्ये विसरू नका. 'बॅकअप डॉट झिप', 'साइट डॉट झिप' असली नावं शोधत फिरणारी यंत्रं इंटरनेटवर चोवीस तास चालू असतात. फाइल सापडली की डेटाबेसच्या पासवर्डासकट सगळं त्यांच्या हातात.

किती वेळाने बॅकअप घ्यायचा? नुसती माहितीची साइट असेल तर आठवड्याला पुरतो. ऑनलाइन ऑर्डरी घेत असाल तर निदान रोज, आणि गणपती-दिवाळीच्या गर्दीत दर काही तासांनी. स्वतःला विचारा: कालची प्रत चढवली तर आजच्या किती ऑर्डरी वहीतून पुसल्या जातील? काकांच्या बाबतीत प्रत्येक ऑर्डरीचा एक मेल त्यांना जात होता, म्हणून रात्री बसून मेलवरून पत्ते परत उतरवता आले. नाहीतर आगाऊ पैसे भरलेल्यांना काय तोंड दाखवणार होते?

जुनी साइट तिथेच पडलेली

चोर शिरला कुठून? काकांची चालू साइट बऱ्यापैकी अद्ययावत होती. पण होस्टिंगमध्ये शेजारीच 'ओल्ड' नावाचा फोल्डर होता. नवी साइट करताना जुनी "असू दे, कधी लागली तर" म्हणून ठेवलेली. तिला कोणी हात लावला नव्हता, अपडेटही नाही. एकाच खात्यातल्या साइटना एकमेकींच्या फाइली उघड्या असतात, त्यामुळे पडक्या गोठ्यातून माजघरात यायला चोराला फार वेळ लागला नाही.

'टेस्ट', 'डेमो', 'न्यू' असले फोल्डर तुमच्याकडेही असतील. प्रत उतरवून घ्या आणि पुसा. प्लगिनांचंही तेच. नुसतं बंद केलेलं प्लगिन सर्व्हरवर असतंच आणि त्यातलं भोकही. वापरत नसाल तर डिलीट करा.

अपडेटची भीती

"मागे एकदा अपडेट केलं आणि साइट पांढरी झाली, तेव्हापासून हात लावत नाही." हे वाक्य मी निदान शंभरदा ऐकलं असेल. भीती खोटी नाही. पण दुसऱ्या बाजूचा हिशोब बघा. सप्टेंबर २०२० मध्ये 'फाइल मॅनेजर' नावाच्या वर्डप्रेस प्लगिनमध्ये असं भोक सापडलं की लॉगिन न करताच कोणीही सर्व्हरवर फाइल चढवू शकत होतं. सात लाखांवर साइटवर ते प्लगिन होतं. दुरुस्त आवृत्ती आली, पण हल्ले त्याआधीच सुरू झालेले होते. अशा वेळी "रविवारी बघू" म्हणणारा रविवारी निस्तरतच बसतो.

वर्डप्रेसच्या छोट्या सुरक्षा-सुधारणा २०१३ च्या ३.७ आवृत्तीपासून आपोआप बसतात. प्लगिनांसाठी तशी सोय २०२० च्या ५.५ मध्ये आली, पण ती एकेका प्लगिनासमोर आपण चालू करावी लागते. फॉर्म, फोटोंचा स्लायडर, साइट पटकन उघडावी म्हणून लावलेली कॅशे असली साधी प्लगिनं आपोआप होऊ द्या. दुकान आणि पेमेंटची मात्र आधी बॅकअप घेऊन, दिवसाउजेडी आणि स्वतः बसून करा. शुक्रवारी संध्याकाळी तर अजिबात नको. साइट पांढरी झालीच, तर होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमधून नुकत्याच अपडेट केलेल्या प्लगिनच्या फोल्डरचं नाव बदला. प्लगिन आपोआप बंद पडतं आणि साइट बहुतेकदा परत उभी राहते.

फुकटात मिळालेली 'नल्ड' थीम, म्हणजे लायसन्स तोडून वाटलेला साइटच्या रूपाचा साचा, कधी बसवू नका. चार हजारांची थीम कोणी उगाच धर्मादाय वाटत नाही.

पासवर्डबद्दल इतकं ऐकलंय तुम्ही की मी दोनच गोष्टी सांगतो. दुकानाचं नाव आणि पुढे वर्ष हा पासवर्ड नाही, आणि टू-फॅक्टर लॉगिन (पासवर्डानंतर आणखी एक कोड) आधी मेलला लावा, मग साइटला. मेल गेला की 'फरगॉट पासवर्ड'च्या जोरावर बाकी सगळं जातं. आणि पत्त्याशेजारी कुलपाचं चित्र दिसलं, तरी त्यावर फार विसंबू नका. गिऱ्हाईक आणि साइट यांच्यातलं बोलणं वाटेत कोणी ऐकत नाही, एवढंच ते सांगतं. त्यामागचं सर्टिफिकेट फुकट मिळतं, चोरालाही.

किल्ल्या कोणाकडे?

डोमेन कोणाच्या नावावर आहे? होस्टिंगचं लॉगिन कोणाकडे? मुदत संपल्याचा मेल कोणाला जातो? या तीन प्रश्नांना "वेबसाइट करून देणारा मुलगा" हे एकच उत्तर असेल, तर सुरक्षेची बाकी चर्चा नंतर करू. तो मुलगा वाईट असतो असं नाही. तो पुण्याला नोकरीला लागतो, नंबर बदलतो.

डोमेन तुमच्या नावावर आणि तुमच्या मेलवर हवं. तो मेलही त्याच डोमेनचा नको, कारण डोमेन संपलं की मेल बंद, आणि नूतनीकरणाचा ओटीपी त्याच बंद मेलवर. डॉट कॉमची मुदत उलटली की काही दिवस नेहमीच्या भावात परत मिळतं. पुढे तीस दिवसांची जी खिडकी असते, तिच्यात सोडवून घ्यायला कैकपट पैसे मोजावे लागतात. त्यानंतर ते ज्याला मिळेल त्याचं. ऑटो-रिन्यू चालू ठेवा, पण कार्डाची मुदत संपली असेल तर ते चालत नाही, हे लक्षात असू द्या.

हॅक झाल्यावर घाई नडते

दिसेल ती फाइल उडवत सुटू नका. आधी किडलेल्या साइटचीही एक प्रत काढा. चोर कुठून आला हे तिच्यातच लिहिलेलं असतं, आणि नवीन ऑर्डरीही तिच्यातच असतात. मग साइट तात्पुरती बंद ठेवून सगळे पासवर्ड बदला: होस्टिंग, एफटीपी (फाइली चढवण्याचं लॉगिन), डेटाबेस, वर्डप्रेसचे सगळे अॅडमिन. हे अशा कॉम्प्युटरवरून करा, ज्यावर व्हायरस नाही याची खात्री आहे. वर्डप्रेसच्या मूळ फाइली ताज्या आणून बदला, प्लगिनं नव्याने बसवा. अपलोड्सच्या फोल्डरमध्ये फोटो आणि पीडीएफ असायला हवेत. तिथे पीएचपी, म्हणजे प्रोग्रॅमची, फाइल दिसली तर ती बहुधा चोराचीच. वापरकर्त्यांच्या यादीत अनोळखी अॅडमिन शोधा, होस्टिंगमधले क्रॉन जॉब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं, बघा. नाहीतर साफ केलेली साइट रात्रीत पुन्हा किडते आणि आपण भुताटकी समजतो.

सर्च कन्सोलमधली मालकांची यादीही तपासा. जपानी कीवर्डवाले तिथे स्वतःलाच मालक म्हणून जोडून घेतात. काकांच्या यादीत एक अनोळखी जीमेल होता.

पेमेंटच्या पानावरचा यूपीआय आयडी आणि क्यूआर कोड स्वतः एक रुपया पाठवून पडताळा. तो बदलला असेल आणि गिऱ्हाइकाचे पैसे गेले असतील, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायला सांगा. पहिल्या काही तासांत पैसे गोठवता येण्याची शक्यता जास्त असते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत त्यांना कळवायची असते. गिऱ्हाइकांचे पत्ते आणि फोन तुमच्याकडे आहेत म्हणजे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही तुमच्या दारात आलाच.

परत चढवून बघितलं का?

काकांची साइट उभी राहिली, गूगलच्या निकालातून जपानी ओळी पुसल्या जायला मात्र आंबा संपत आला. पुढच्या फेब्रुवारीत, हंगामाआधी, आम्ही रंगीत तालीम केली. ड्राइव्हवरची प्रत घेऊन माझ्या लॅपटॉपवर साइट नव्याने उभी करायची, घड्याळ लावून. चाळीस मिनिटांत ती उभी राहिली. पण मुखपृष्ठावर दर मागच्या नोव्हेंबरचे.

ड्राइव्ह उघडून बघितलं. फुकटच्या पंधरा जीबीत मेल, फोटो आणि ड्राइव्ह सगळं येतं. नातवाच्या बारशाच्या व्हिडिओंनी ती जागा भरून गेली होती आणि तीन महिने एकही बॅकअप वर गेला नव्हता. प्लगिन रोज इमानेइतबारे 'बॅकअप अयशस्वी' असा मेल पाठवत होतं. गेल्या एप्रिलमधला गूगलचा मेल जिथे गेला होता तिथेच: साइट करून दिलेल्या त्या मुलाच्या जुन्या पत्त्यावर. किल्ल्या बदलताना हा एकच पत्ता आमच्याकडून राहून गेला होता.