उंच गाडीसमोरची न दिसणारी जागा कशी मोजावी

सोलापूरच्या शिवारात उन्हाचा कडाका वाढला की बांधावर उभ्या केलेल्या जीपच्या किंवा ट्रॉलीच्या सावलीलाच शेरडे, कुत्री आणि लहान पोरे येऊन टेकतात, कारण आसपास दुसरी सावली नसते. तीन वर्षांपूर्वी ऊसतोड चालू असताना मी आमच्या रानात जीप मागे घेतली आणि ठिबकचा उभा पाइप बुडातून मोडला. आरशात तो मला दिसलाच नव्हता. त्याच जागी, गाडीच्या सावलीत, पाच मिनिटांपूर्वी तोडणी कामगाराची चिमुरडी भाकरी खात बसलेली मी स्वतः पाहिली होती. त्या दिवशी मी जीप बंद करून, खाली उतरून, गाडीभोवती नेमके काय दिसत नाही हे मोजायला घेतले. ती पद्धत येथे सविस्तर देत आहे.

उंच गाडीत बसले की लांबचे चांगले दिसते, त्यामुळे जवळचेही दिसतच असणार असा समज होतो आणि धोका नेमका तेथेच असतो. बॉनेट जितके उंच, रुंद आणि सपाट, तितकी त्याच्या पुढची जमीन अधिक झाकली जाते. मागे स्टेपनी दारावर टांगलेली असेल तर मागच्या काचेचा खालचा भाग गेला. सामान छतापर्यंत भरले असेल तर उरलेलाही गेला.

मोजणीसाठी सपाट खळे किंवा रिकामे रान निवडावे, गाडी बंद करून हँडब्रेक लावावा आणि रोज ज्या बैठकीत आपण गाडी चालवतो त्याच बैठकीत, मान न ताणता बसावे. तीन फूट लांबीचे उसाचे कांडे घेऊन त्याच्या टोकाला लाल फडके बांधावे. तीन फूट म्हणजे साधारण 90 सेंटिमीटर, ही लहान मुलाची उंची झाली. सोबत्याने ते कांडे उभे धरून बंपरपासून सरळ पुढे एकेक पाऊल जावे आणि फडके पहिल्यांदा दिसताच आपण हाक द्यावी. त्या ठिकाणी फक्कीची खूण करावी. नंतर डावीकडे, उजवीकडे, दोन्ही दारांच्या बाजूला आणि आरशात पाहत मागच्या बाजूलाही हेच करावे आणि शेवटी सगळ्या खुणा एका रेषेने जोडाव्यात. खाली उतरून ती रेषा पाहिली की बहुतेक चालकांना धक्का बसतो. डाव्या बाजूची, म्हणजे चालकापासून लांबची जागा अपेक्षेपेक्षा पुष्कळ मोठी निघते.

एकट्यालाच हे करायचे असेल तर रात्रीची वेळ घ्यावी. आपले डोळे जेथे येतात तेथे मोबाइलची बॅटरी पेटवून टांगावी आणि बाहेर उतरून पाहावे: जमिनीच्या ज्या भागावर गाडीची सावली पडली आहे, तो भाग आपल्याला बसल्या जागेवरून दिसत नाही. माती उकरणाऱ्या यंत्रांसाठी आयएसओ 5006 हे जे मानक आहे, त्यातही चालकाच्या डोळ्यांच्या जागी दिवे ठेवून 12 मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर पडणाऱ्या सावल्या मोजतात. युक्ती तीच आहे.

एक हिशेब मांडून दाखवतो. समजा चालकाचे डोळे जमिनीपासून 1.55 मीटरवर आहेत आणि बॉनेटची पुढची कड डोळ्यांच्या 2 मीटर पुढे, 1.15 मीटर उंचीवर आहे. डोळ्यातून कडेवरून जाणारी रेषा दोन मीटरमध्ये 40 सेंटिमीटर खाली येते, म्हणून ती जमिनीला डोळ्यांपासून 7.75 मीटरवर, म्हणजे बॉनेटच्या 5.75 मीटर पुढे टेकते. तेवढ्या अंतरात पडलेला दगड, खड्डा किंवा झोपलेले मूल दिसणार नाही. 90 सेंटिमीटर उंचीचे उभे मूलसुद्धा बॉनेटपासून सव्वा मीटरच्या आत असेल तर अजिबात दिसणार नाही. आता केवळ सीट 5 सेंटिमीटर वर घेतली, तर जमीन 5.75 ऐवजी सुमारे 5.1 मीटरवर दिसू लागते. सीट वर होत नसेल तर घट्ट, न घसरणारी गादी घ्यावी. मात्र पाय ब्रेकवर पूर्ण दाबता आला पाहिजे आणि पट्टा खांद्यावरूनच गेला पाहिजे.

पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब हा मला सर्वात फसवा प्रकार वाटतो. माणसाच्या दोन डोळ्यांत सुमारे साडेसहा सेंटिमीटर अंतर असते. खांब याहून अरुंद असता तर एका डोळ्याला न दिसलेले दुसऱ्याला दिसले असते. पण 10 सेंटिमीटर रुंदीचा खांब डोळ्यांपासून 70 सेंटिमीटरवर असेल, तर तो 20 मीटरवर सुमारे एक मीटर आणि 30 मीटरवर सुमारे दीड मीटर जागा दोन्ही डोळ्यांपासून लपवतो. समोरून येणारी मोटारसायकल त्यात सहज मावते. त्यात आणखी वाईट असे की कालव्याच्या रस्त्याला पाणंद येऊन मिळते तेथे आपण आणि मोटारसायकलस्वार आपापल्या स्थिर वेगाने एकाच बिंदूकडे येत असलो, तर आपल्या नजरेत त्याची दिशा बदलतच नाही. म्हणजे तो शेवटपर्यंत खांबाआडच राहतो. दोन्ही बाजूंना पुरुषभर ऊस उभा असेल तर तो खांबाआड जाण्याआधीही दिसलेला नसतो. अशा वळणावर वेग चालण्याइतका आणावा आणि छाती स्टिअरिंगजवळ नेऊन, मग मागे घेऊन, खांबाच्या दोन्ही बाजूंनी पाहावे. नुसती मान वळवून भागत नाही, धड हलवावे लागते.

आरसे लावताना आपलीच गाडी अर्धा आरसा भरून दिसेल असे ते ठेवण्याची सवय फार जणांना आहे. डोके उजव्या काचेला टेकवावे आणि गाडीची बाजू जेमतेम दिसेल इतका उजवा आरसा बाहेर न्यावा. मग दोन्ही सीटच्या मधोमध झुकून डावा आरसा तसाच लावावा. रस्त्यावर ओव्हरटेक करताना बाजूची न दिसणारी जागा यामुळे बरीच कमी होते. रानात शिरल्यावर मात्र मागचे चाक आणि बांधाची कड दिसेल असे आरसे थोडे खाली झुकवावेत, आणि डांबरी लागताच पुन्हा वर घ्यावेत. आरशावर चिकटवायचे छोटे फुगीर आरसे स्वस्त व उपयोगी आहेत, परंतु त्यांत वस्तू असते त्याहून लांब भासते हे ध्यानात ठेवावे.

ओढ्याचा काठ किंवा उंच बांध चढताना बॉनेट वर उचलले जाते आणि समोर केवळ आभाळ दिसते. माथ्यापलीकडे काय आहे ते चढण्यापूर्वी पायी जाऊन पाहावे. खाणाखुणा करायला एकच माणूस ठेवावा, कारण चार जण ओरडू लागले की चालक कोणाचेच ऐकत नाही. त्याने गाडीच्या थेट पुढे-मागे किंवा गाडी आणि बांध यांच्या मध्ये उभे राहू नये. चालकाच्या बाजूला तिरपे, अंतर राखून राहावे. थांबण्याची खूण आधी ठरवावी आणि तो माणूस नजरेआड होताच, कारण काहीही असो, गाडी थांबवावी.

ट्रॅक्टरला उभा सायलेन्सर समोरच आडवा येतो आणि मागे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या असल्या की त्यांच्या पाठीमागचे काहीही दिसत नाही. तेथे आरशावर विसंबून रिव्हर्स घेऊच नये. माणूस उभा करावा.

1 जुलै 2019 पासून नव्या मोटारींना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले आहेत, परंतु मंगळवेढ्याकडच्या काळ्या मातीचा चिखल त्यांच्यावर बसला की ते चुकतात आणि कॅमेऱ्यालाही धूसर दिसते. ओले फडके दाराच्या कप्प्यात ठेवावे. पुढच्या काचेवरची धूळ मावळतीच्या उन्हात पांढऱ्या पडद्यासारखी उजळते, म्हणून काच आतूनही पुसावी. डॅशबोर्डवरची विठ्ठलाची तसबीर श्रद्धेने जरूर ठेवावी, पण काचेच्या खालच्या कडेच्या वर येणार नाही अशी. गाडी उभी करून दोन मिनिटे जरी झाली असली, तरी निघताना पूर्ण फेरी मारावी, वाकून गाडीखाली पाहावे, आणि मग न रेंगाळता चढून निघावे, कारण फेरी आणि निघणे यांत जितका वेळ जाईल तितकी ती फेरी शिळी होते.

मोठे टायर चढवले, सस्पेन्शन उचलले किंवा बॉनेटसमोर गार्ड बसवला, तर फक्कीची रेषा पुन्हा आखावी. वरच्याच हिशेबात गाडी नुसती 5 सेंटिमीटर उंच केली, तर 90 सेंटिमीटर उंचीचे मूल सव्वा मीटरऐवजी दीड मीटरपर्यंत दिसेनासे होते.