घातकमध्ये जायचंय? मग परत कधी फिरायचं ते आधी ठरवा

भरतीची तयारी करणारी पोरं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला: "सुभेदारसाहेब, घातकमध्ये जायला किती पळावं लागतं?" पळायचं शिकवणारे गावोगावी आहेत. मी फक्त पाच-सहा जणांच्या टोळीत निर्णय कसे होतात ते सांगतो. मला ते फार उशिरा उमगलं.

पायदळाच्या बटालियनची स्वतःची घातक प्लाटून असते, साधारण वीस जवानांची. बटालियनच्या पुढे जाऊन रेकी, घात (म्हणजे दबा धरून हल्ला), छापा ही तिची कामं. कमांडो कोर्स बेळगावला. पॅरा एसएफ, म्हणजे पॅराशूट रेजिमेंटचे स्पेशल फोर्सेस, ही वेगळी वाट, तिथलं प्रोबेशनच माणूस सोलून काढतं.

सिनेमातला लीडर डोळे बारीक करतो आणि जागेवर हुकूम सोडतो. आमचे बहुतेक निर्णय दुपारीच झाडाखाली, मातीत झालेले असायचे. माती ओढून डोंगर करायचा, दोरीचा नाला, काडेपेट्यांची घरं. हे सँड मॉडेल. ऑर्डर्स देऊन झाल्या की 'ॲक्शन ऑन' सुरू. फायर आला तर? कुणी जखमी झाला तर? वाटेत गुराखी समोर उभा राहिला तर? रेडिओ गेला तर? चांगला लीडर हे सगळ्यात ज्युनिअर जवानाला आधी विचारतो. हवालदार आधी बोलला की शिपाई "हो साहेब" म्हणून मोकळा होतो. मीही झालो होतो. आदल्या दिवशी पाणी भरायला गेलो तेव्हा नाला चढलेला पाहिला होता, पण नवा म्हणून गप्प बसलो. रात्री अख्खी टोळी कमरेपर्यंत भिजली. पहाटेपर्यंत शेजाऱ्याचे दात वाजलेले ऐकत पडलो होतो.

कोर्सला एका उस्तादांनी अमेरिकनांची गोष्ट सांगितली होती. 24 एप्रिल 1980, तेहरानमधले ओलीस सोडवायची मोहीम. विमानवाहू नौकेवरून 8 हेलिकॉप्टरं उडाली. एक बिघडून वाटेतच सोडावं लागलं, एक धुळीच्या लोटातून मागं फिरलं. इराणच्या वाळवंटात 6 पोचली आणि त्यातल्या एकाचं हायड्रॉलिक गेलं. उरली 5. पुढं जायला किमान 6 हवीत हे आधीच ठरलेलं होतं. डेल्टा फोर्स या अमेरिकन कमांडो तुकडीचे कर्नल बेकविथ म्हणाले, नाही जायचं. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनीही ते मान्य केलं. परत निघताना एक हेलिकॉप्टर विमानावर आदळलं आणि 8 जण गेले, म्हणून लोक ती मोहीम फसलेली म्हणूनच ओळखतात. फसलीच ती. पण इतक्या महिन्यांची तयारी, इतकं जवळ आलेलं काम, आणि तरी "पाच म्हणजे पाच" म्हणणं! हुशार माणूस अशा वेळी पाचात कसं भागवता येईल याचा हिशेब मांडत बसतो. म्हणून तो आकडा थंड डोक्यानं, घरी बसून ठरवायचा असतो.

नव्यांनी एवढं करा. मॉडेलभोवती बसाल तेव्हा शंका तिथंच काढा. बाहेर पडल्यावर वाद नाही. आपल्या बडीचं, म्हणजे जोडीदाराचं, काम स्वतःला येतं का ते बघा. आणि ठरलेला आकडा लीडर विसरला तर त्याला आठवण द्यायची हिंमत ठेवा, तो कितीही सीनिअर असो.

काश्मीरमध्ये एकदा आम्ही सहा जण देवदारांत घात लावून बसलो होतो. ठरलं होतं, दोन रेडिओ कॉल चुकले की उठायचं. दुसराही चुकला. मला मात्र वाटत होतं, आज कुणीतरी येणार. अजून अर्धा तास थांबू, असा हात मी केला. रेडिओवाला पोरगा जेमतेम दोन वर्षांच्या सर्व्हिसचा. तो कोपरांवर सरपटत माझ्यापर्यंत आला आणि माझ्या नाकासमोर दोन बोटं धरली. बोलला काहीच नाही. बोटं खालीही घेईना.

राग आला. पण उठलो.

त्या वाटेनं नंतर कुणी गेलं का, ते आजतागायत माहीत नाही. सकाळी कंपनी कमांडरांनी विचारलं, "का फिरलात?"

"दोन कॉल चुकले, साहेब."

त्यांनी वहीत तेवढंच लिहिलं आणि पुढच्या टोळीला आत बोलावलं.