खचलेलं धाब्याचं (मातीच्या सपाट छताचं) घर उतरवताना

जळगाव-धुळ्यात महापालिकेची धोकादायक घराची नोटीस महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली येते, घर रिकामं करण्याचा आदेश कलम २६८ खाली. तरी लगेच जेसीबी बोलावू नका. आधी तलाठ्याकडून पंचनामा, चारही बाजूंचे फोटो. नुसता मलबा उरला की नुकसान दाखवणार कसं? भाडेकरूच्या खोलीचं मोजमाप लेखी घ्या. घर पडलं म्हणून त्याचा हक्क संपत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच सांगितलंय.

वीज तोडून घेतली, सामाईक भिंतीला टेकू लावले आणि धाब्याची माती दोन्ही बाजूंनी सारखी उतरवली. भिजलेली माती भयंकर जड. त्यावर घोळक्याने चढू नये. मग कड्या (छताची आडवी लाकडं), शेवटी भिंती. भिंत आधी ढकलली तर अख्खं धाबं शेजाऱ्यावर जातं.